भागीदारीत मेहनतीचा रकाना कुठे आहे?



बचत गटांच्या बैठकांमध्ये गेल्या काही वर्षांत ‘स्टार्टअप’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. पापड, लोणची, चटण्या करून विकण्याला आपण इतकी वर्षं गृहउद्योग म्हणत आलो. तोच माल मोबाईलवरून पुण्या-मुंबईला जाऊ लागला की त्याला स्टार्टअप म्हणायचं. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. बायका एकत्र येऊन धंदा करतात, गावाबाहेरचं गिऱ्हाईक गाठतात, मधला व्यापारी टाळतात, याचा आनंदच आहे. राज्य सरकारनेही २०२४ साली अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने महिलांच्या नवउद्योगांसाठी योजना आणली. १ लाखापासून २५ लाखांपर्यंत मदत, आणि उद्योगात महिलेचा किमान ५१ टक्के वाटा असावा ही अट. ठिकठिकाणी प्रशिक्षणंही होतात. मालाचा फोटो कसा काढावा, पाकीट कसं असावं, कर्जाचा अर्ज कसा भरावा, हे सगळं तिथे शिकवलं जातं.

पण चौघी जणी मिळून धंदा सुरू करतात तेव्हा कायद्याच्या नजरेत त्या एकमेकींच्या कोण लागतात? कोणाच्या मेहनतीला किती दाम? एखादी लग्न होऊन गेली, आजारी पडली, तिला बाहेर पडावं लागलं, तर तिच्या हातात काय पडणार? मी पाहिलेल्या एकाही प्रशिक्षणात यावर अर्धा ताससुद्धा दिलेला नव्हता. आपल्या स्त्री-संघटनांच्या शिबिरांतही हा विषय क्वचितच निघतो. म्हणून हा लेख.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन गेली बारा वर्षं याच भागात बचत गटांबरोबर काम करते आहे. मी राहते ते जळकोट धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या जवळ आहे. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट ते वेगळं. आमची बरीच पार्सलं आधी तिकडची वारी करून येतात. २०२१ साली आम्ही चौघींनी इथून इंटरनेटवर एक छोटं दुकान सुरू केलं. शेंगाची चटणी, ज्वारीच्या कडक भाकरी, तूरडाळ आणि हाताने शिवलेल्या गोधड्या, एवढाच माल. एक मावशी, वय पन्नाशीच्या पुढे, नवरा वारलेला, भाकरी आणि चटणीचा सगळा भार त्यांच्यावर. एक ताई, ज्यांचं गावात किराणा दुकान आहे. सुरुवातीचा मोठा पैसा त्यांनी घातला. एक बी.कॉम. झालेली मुलगी, जिला आम्ही सगळ्या धाकटी म्हणतो; वेबसाईट, फोटो, ऑर्डरी, गिऱ्हाइकांशी बोलणं हे तिचं काम. आणि चौथी मी, नोकरी सांभाळून हिशेब आणि कागदपत्रं पाहणारी.

करार करायचं ठरलं तेव्हा टंकलेखकाकडे तयार नमुना मिळाला. त्यात भागीदाराचं नाव, पत्ता, भांडवलाची रक्कम, नफ्या-तोट्याचं प्रमाण असे रकाने होते. कोण काय काम करणार, किती वेळ करणार, त्याचा मोबदला काय, याला रकानाच नव्हता. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, काम तर सगळेच करतात की, ते कशाला लिहायचं?’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलेलं आहे! घरकामाबद्दल अगदी हेच म्हटलं जातं.

टंकलेखकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याचा नमुना कायद्याला धरूनच होता. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. दोघी-तिघींनी मिळून धंदा चालवून नफा वाटून घ्यायचं ठरवलं की, कागद असो वा नसो, या कायद्याने त्या भागीदार होतात. त्याचं कलम १३ प्रत्येक कार्यकर्तीने वाचावं असं आहे. भागीदारांनी आपसात वेगळं काही ठरवलं नसेल, तर काय धरायचं ते त्यात सांगितलं आहे. एक, धंद्याच्या कामात भाग घेतल्याबद्दल कोणाही भागीदाराला मेहनताना मिळण्याचा हक्क नाही. दोन, नफा सगळ्यांना सारखा आणि तोटाही सारखा. तीन, एखाद्या भागीदाराने ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे धंद्याला दिले, तर त्या रकमेवर तिला दरसाल ६ टक्के व्याजाचा हक्क आहे.

आता या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. जिने जादा पैसे दिले तिला, काही लिहिलेलं नसलं तरी, व्याज आहे. जिने पहाटे चारला उठून दोनशे भाकरी थापल्या तिला, काही लिहिलेलं नसेल तर, काही नाही. नफा झाला तर तिला इतरांएवढा वाटा मिळेल. पण धंदा नवा असताना पहिली दोन-तीन वर्षं नफा होतो किती जणींना? सगळ्यांना शून्याचा सारखा वाटा मिळतो आणि कागदावर समानता दिसते. ज्यांच्या घरी दुसरा पगार आहे त्या थांबू शकतात. मावशींसारखी बाई, जिची चूल त्याच कमाईवर पेटायची आहे, ती थांबू शकत नाही. ती दोन महिन्यांनी परत खुरपणीला जाते, आणि मग आपणच म्हणतो की तिच्यात चिकाटी नव्हती.

मर्यादित दायित्व भागीदारीचा कायदा २००८ साली आला. सुशिक्षित मैत्रिणी हल्ली ती वाट धरतात. तिच्यात जबाबदारी मर्यादित राहते हा मोठा फायदा आहे. पण मेहनतान्याच्या बाबतीत त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही तेच आहे. करारात नसेल तर कामाचा मोबदला नाही. म्हणजे शहाहत्तर वर्षांनी नवा कायदा करतानाही हा रकाना कोणाला आठवला नाही.

दिलासा एवढाच की ‘वेगळं काही ठरवलं नसेल तर’ हे शब्द कायद्यातच आहेत. वेगळं ठरवायची आपल्याला पूर्ण मोकळीक आहे. आयकर कायदाही काम करणाऱ्या भागीदाराचा मेहनताना ठराविक मर्यादेत फर्मचा खर्च म्हणून मान्य करतो, पण तो करारात लिहिलेला असला पाहिजे. कायद्याने दार बंद केलेलं नाही. ते उघडायचं काम मात्र आपल्यावर टाकलं आहे.

आम्ही ते कसं केलं ते सांगते. करारावर सह्या करण्याआधी महिनाभर स्वयंपाकघरात एक वही टांगली. जिने जे काम केलं ते तिने तिथे लिहायचं, किती वेळ लागला तेही लिहायचं. मावशींना लिहिता येत नाही, त्यांचं धाकटी लिहायची. भाकरी, चटणी, पाकिटं भरणं, तराजू, पार्सल बांधणं हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. धाकटीच्या कामाबद्दल मात्र कुरबुर होती. ‘फोन तर गावातली सगळीच पोरं बघत बसतात, त्यात काम ते काय?’ असं मावशी स्वतः म्हणाल्या होत्या. महिन्याच्या शेवटी वही वाचली तेव्हा कळलं, धाकटीचं फोनवरचं काम रोज चार तासांच्या खाली कधी आलं नव्हतं. गिऱ्हाइकांचे प्रश्न रात्री दहानंतर येत. पत्ता चुकला, भाकरी मोडली, पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही, या सगळ्याला उत्तर तिने द्यायचं. शिवाय घरचे म्हणणार, पोरगी रात्री कोणाशी बोलते!

इंटरनेटच्या धंद्यात हे नवं घरकाम तयार झालं आहे. ते घरातच होतं, तुकड्या-तुकड्यांनी होतं, दिसत नाही, आणि नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या चळवळीने घरकामाचं मोल मागितलं. ते मागताना आपण सरकारला, नवऱ्याला, समाजाला प्रश्न विचारले. आपल्याच चार मैत्रिणींच्या दुकानात हा प्रश्न विचारायला आपण कचरतो, ते का?

वहीनंतर तीन बैठका झाल्या आणि करार ठरला. गावात खुरपणीला बाईची जी हजेरी चालते ती धरून तासाचा दर काढला. तो दर चौघींना सारखा. विक्रीच्या पैशातून आधी माल आणि पार्सलचा खर्च, मग कामाची हजेरी. त्या महिन्यात पैसे पुरले नाहीत तर तेवढी रक्कम जिची तिच्या नावावर देणं म्हणून लिहायची. त्यानंतर ताईंच्या जादा पैशावर व्याज. उरलं तर नफा, आणि तो चौघींत सारखा.

याला सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली असं नाही. ताईंचा प्रश्न रास्त होता. त्यांनी घातलेल्या पैशातला काही भाग बचत गटाकडून कर्ज काढून आणलेला होता. गटाचं व्याज महिन्याच्या शेकड्यावर. कायद्यातले ६ टक्के त्यापुढे काहीच नाहीत. धंदा बुडाला तर हप्ते त्यांच्याच मागे लागणार होते. पैसा घालणं हीसुद्धा जोखीम आहे, तिचीही किंमत धरली पाहिजे. म्हणून त्या स्वतः जेवढं व्याज भरतात तेवढं फर्मने द्यायचं ठरलं. धाकटीचं म्हणणं असं की कॉम्प्युटरच्या कामाला जास्त दर हवा, शहरात तो मिळतो. मावशी म्हणाल्या, ‘मे महिन्यात चुलीपुढं बसून बघ, मग दराचं बोल.’ आम्ही एकच दर ठेवला. या मुद्द्यावर आमचं आजही एकमत नाही. पण मतभेद उघड आहे, कागदावर आहे, दर वर्षी गुढीपाडव्याला त्यावर पुन्हा बोलायचं असं ठरलेलं आहे. मनात कुढत बसण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

कामाचा हिशेब ठेवून बायकांचा उद्योग चालत नाही, असं कोणी म्हणालं तर लिज्जत पापडाचा इतिहास सांगावा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे १९६६ साली त्यांची संस्था नोंदली गेली. तिथे काम करणारी प्रत्येक बाई सहमालक मानली जाते. पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणून द्यायचे, वजनावर लाटणीचे पैसे घ्यायचे, ही पद्धत. म्हणजे मालकी सगळ्यांची, पण त्यासाठी मेहनत फुकट नाही. संस्थापक बहिणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. साठ वर्षांहून जास्त काळ चाललेली ही भागीदारी हिशेबामुळे मोडलेली नाही.

याच्या शेजारी दुसरी एक सातांची गोष्ट ठेवू. १९८१ साली पुण्यात सात इंजिनिअरांनी इन्फोसिस कंपनी सुरू केली. सातही पुरुष. सुरुवातीचे १० हजार रुपये सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले. त्या स्वतः इंजिनिअर होत्या, नोकरी करत होत्या. पण नवरा-बायको दोघांनी एकाच कंपनीत असू नये असं नारायण मूर्ती यांनी ठरवलं आणि त्या बाहेर राहिल्या. २०२४ साली एका मुलाखतीत मूर्ती यांनीच जाहीरपणे सांगितलं की तो निर्णय चुकीचा होता. इतक्या मोठ्या घरातल्या, इतक्या शिकलेल्या बाईच्या वाट्याला जर हे येतं, तर आपल्या गावातल्या बाईने दिलेले दागिने, तिने रात्री लिहिलेले पत्ते, तिने केलेला चहा-स्वयंपाक कोणत्या कागदावर चढणार?

आता इंटरनेटच्या धंद्याची खास अशी एक गोष्ट. इथे दुकान म्हणजे चार भिंती नाहीत. दुकान म्हणजे एक मोबाईल नंबर, एक ई-मेल, एक पासवर्ड आणि पैसे येतात ते खातं. या सगळ्याची किल्ली म्हणजे ओटीपी. तो ज्याच्या मोबाईलवर येतो त्याच्या हातात दुकान. आपण पूर्वी सात-बाऱ्यावर बाईचं नाव लावण्यासाठी झगडलो. चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तो त्यासाठीच. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. इंटरनेटच्या दुकानाचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे, हे मात्र आपण विचारत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आमच्या भागात बाईच्या हातातल्या मोबाईलचं सिमकार्डही पुष्कळदा नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर मुलाच्या आधारावर घेतलेलं असतं. मग दुकानाचं पान कोण उघडून देतं? भाचा, पुतण्या, शेजारचा पोरगा. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाचं असंच झालं. मसाल्याचं पान एका भागीदार बाईच्या पुतण्याने स्वतःच्या ई-मेलवर उघडून दिलं. तीन वर्षांत त्यावर चांगली गिऱ्हाइकं जमली. पुढे घरात वाटणीवरून भांडण झालं, आणि त्याने त्याच पानावर स्वतःचा माल विकायला सुरुवात केली. बायकांची चव, बायकांनी जोडलेली माणसं, पण पान त्याचं. फर्म नोंदलेली नव्हती, कागद नव्हता. दाद मागायची तर कशाच्या जोरावर? त्या बायकांनी शून्यापासून पुन्हा सुरुवात केली. दोघींनी केली नाही.

आमच्या करारात म्हणूनच एक कलम आहे. दुकानाचा नंबर मावशींच्या नावावर घेतलेला स्वतंत्र नंबर आहे, आणि तो फोन कोणाच्या घरी जात नाही, दुकानात राहतो. पासवर्ड दोघींना माहीत असतात आणि एका बंद पाकिटात लिहून ठेवलेले असतात. पैशाचं खातं फर्मच्या नावाने आहे, दोघींच्या सहीशिवाय मोठी रक्कम निघत नाही. गिऱ्हाइकांची यादी फर्मची मिळकत आहे, कोणा एकीची नाही. कायद्याच्या कलम १२ ने प्रत्येक भागीदाराला फर्मच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. आज वह्या फोनमध्ये असतात. तेव्हा ज्या बाईला फोन उघडू दिला जात नाही तिचा हा हक्क गेलाच म्हणून समजा.

याहून गंभीर गोष्ट नावापुरत्या भागीदारीची. ५१ टक्क्यांची अट चांगल्या हेतूने आहे. पण पंचायतीत बायकांना आरक्षण मिळाल्यावर सरपंचपती कसे उगवले ते आपण पाहिलं. तोच प्रकार धंद्यात होतो. योजनेसाठी, कर्जासाठी बायकोचं, सुनेचं, बहिणीचं नाव भागीदार म्हणून घालायचं, सही घ्यायची, पुढचं सगळं पुरुषांनी बघायचं. बाईला वाटतं, सहीच तर आहे. पण भागीदारी कायद्याच्या कलम २५ प्रमाणे फर्मच्या प्रत्येक व्यवहाराला प्रत्येक भागीदार सगळ्यांसह आणि एकटीसुद्धा जबाबदार असते. साध्या भागीदारीत ही जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहत नाही. फर्मचं देणं थकलं तर देणेकरी तिच्या नावावरच्या घरापर्यंत, बँकेतल्या ठेवीपर्यंत येऊ शकतो. दुसऱ्या भागीदाराने धंद्यासाठी केलेला करार तिलाही बांधतो. म्हणजे अधिकार गाजवणारा एक आणि देणं फेडणारी दुसरी. कौटुंबिक हिंसेच्या किंवा घटस्फोटाच्या प्रकरणात आपल्याकडे बाई येते तेव्हा आपण दागिने, घर, पोटगी यांची चौकशी करतो. तिथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ‘ताई, कुठल्या फर्ममध्ये तुमची सही आहे का?’

सही असेल तर नुसतं घर सोडून ती त्या जबाबदारीतून सुटत नाही. भागीदारीतून बाहेर पडल्याची जाहीर सूचना द्यावी लागते. राजपत्रात, स्थानिक भाषेतल्या एका वृत्तपत्रात, आणि फर्म नोंदलेली असेल तर निबंधकाकडेही. तोपर्यंत बाहेरच्या लोकांशी झालेल्या व्यवहाराची जबाबदारी तिच्या मागे राहू शकते. हे वकिलाला विचारून वेळेवर करून घेतलं पाहिजे.

मराठीत फारकत हा शब्द नवरा-बायकोच्या विभक्त होण्यालाही आहे आणि हिशेब चुकता करून वेगळं होण्यालाही. दोन्हीकडे बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा रिकामे हात येतात, कारण आत येतानाच बाहेर पडण्याचं बोलणं अशुभ मानलं जातं. मुलींच्या बाबतीत तर लग्न हे बाहेर पडण्याचं ठरलेलं कारण. मुलाने धंदा सुरू केला तर तो तिथेच राहील असं धरतात. मुलीने केला तर ‘ती काय, आज ना उद्या जाणार’ म्हणून तिला वाट्यातच धरत नाहीत. आमच्या धाकटीचं २०२३ साली लग्न झालं, ती पुण्याला गेली. करारात लिहिल्याप्रमाणे तिची साठलेली हजेरी, शिल्लक मालातला चौथा हिस्सा आणि दुकानाच्या नावाची जी किंमत आम्ही चौघींनी धरली होती तिचा चौथा हिस्सा, असं सहा हप्त्यांत तिला दिलं. रक्कम मोठी नव्हती. पण ती तिच्या स्वतःच्या खात्यात गेली, आणि सासरी जाताना ‘मी एका फर्ममध्ये भागीदार होते, हा माझा हिशेब’ असं तिला सांगता आलं. तिच्या जागी आता दुसरी मुलगी आली आहे. नवा भागीदार घ्यायला सगळ्यांची संमती लागते, तीही कागदावर आहे.

आमचं दुकान लाखांची उलाढाल करत नाही. पावसाळ्यात भाकरी मऊ पडते, दिवाळीत ऑर्डरी झेपत नाहीत, पार्सलचा खर्च चटणीच्या किमतीला येऊन भिडतो. यशोगाथा म्हणून सांगावं असं काही नाही. सांगण्यासारखं एवढंच आहे की चार वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या ऐपतीच्या बायका चार वर्षांहून जास्त काळ एकत्र टिकल्या आणि एक गेली तेव्हा भांडण झालं नाही.

‘मैत्रिणी-मैत्रिणींत हिशेब कसला?’ हा आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकते. हिशेब म्हणजे बाजार, भगिनीभाव म्हणजे त्याच्या पलीकडचं काहीतरी, असं आपल्याला वाटतं. पण आमच्या रानातल्या बायकांना विचारा. सावडीत आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या. कोणाचे किती दिवस फिरायचे राहिले, हे प्रत्येकीच्या डोक्यात पक्कं असतं, आणि त्यावरून मैत्री तुटत नाही, उलट वर्षानुवर्षं टिकते. बटईनं रान देताना बियाणं कोणाचं, बैल कोणाचा, राबायचं कोणी, हे पेरणीआधी ठरतं. राशीच्या वेळी ठरवायला बसलात तर काठ्याच निघतील. हिशेब आपल्या परंपरेत आहेच. आणि ज्या मैत्रीत हिशेब नसतो तिथे झीज नेहमी एकाच बाजूची होते: जिला बोलता येत नाही, जिच्याकडे पैसा नाही, जी वयाने लहान आहे, तिची.

तेव्हा संघटनांनी आणि गटांबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणींनी तीन-चार गोष्टी मनावर घ्याव्यात असं वाटतं. उद्योगाच्या प्रत्येक प्रशिक्षणात एक सत्र भागीदारी कराराचं असावं, आणि करार मराठीत, मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या बाईला वाचता येत नाही तिची सही वा अंगठा त्याशिवाय घेऊ नये. कराराच्या नमुन्यात कामाचा, वेळेचा आणि मोबदल्याचा रकाना आपण स्वतः घालावा. नंबर, पासवर्ड आणि खातं कोणाच्या नावावर, हे लिहावं. बाहेर पडणाऱ्या बाईला काय मिळेल आणि भागीदार वारली तर पुढे काय, हेही लिहावं, कारण करारात नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडते. आणि फर्म निबंधकाकडे नोंदवावी. नोंदणी सक्तीची नाही म्हणून पुष्कळ जणी टाळतात. पण कलम ६९ प्रमाणे नोंद नसलेल्या फर्मला कराराच्या जोरावर बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. ज्या व्यापाऱ्याने माल उचलून पैसे थकवले त्याच्यापुढे मग हात जोडण्यापलीकडे काही उरत नाही.

सरकारकडेही मागणी करायला हवी. ५१ टक्के वाटा आहे का, एवढंच विचारून थांबू नका. त्या बाईच्या कामाचा मोबदला करारात लिहिलेला आहे का, खात्यावर सही तिची आहे का, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, हेही विचारा. मदतीच्या अर्जात हे तीन प्रश्न वाढवायला फार खर्च येणार नाही.

येत्या ८ मार्चच्या कार्यक्रमात भाषणांमधला एक तास काढून आपल्या गटाचा करार सगळ्यांसमोर वाचा. करार नसेल तर महिनाभर वही टांगा आणि कोण किती राबतं ते लिहा. ज्यांनी असे करार केले आहेत त्यांनी आपले मसुदे नावं गाळून एकमेकींना द्यावेत. टंकलेखकाच्या टेबलावर आज जो नमुना आहे तो कोणीतरी कधीतरी लिहिलेलाच आहे. त्याच्या शेजारी आपला नमुना जाऊन पडला पाहिजे.